कळलावीचं वर्ष

फुलपाखरांसाठी, मधमाश्यांसाठी बाग करायची आहे, काय लावू, असं कुणी विचारलं की मी पहिलं नाव कळलावीचं घेते. ऐकणारा बहुधा थबकतो. कुणाला ती विषारी असल्याचं आठवतं. कुणी म्हणतं, ती घरात आणली की भांडणं लागतात असं आजी सांगायची. ज्यांनी ती कधी लावली आहे ते म्हणतात, वर्षातले सहा-सात महिने कुंडीत नुसती माती दिसते. यातला मधला समज सोडून देऊ. पहिली आणि तिसरी गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे आणि तरीही माझं उत्तर बदलत नाही. ते का बदलत नाही हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

कळलावी म्हणजे वनस्पतिशास्त्रातली ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव लिनियसनं १७५३ साली दिलं. आफ्रिकेपासून भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ती कुणी न लावता उगवते. झिंबाब्वेचं ती राष्ट्रीय फूल आहे, तमिळनाडूचं राज्यफूल आहे. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर, देशावरच्या डोंगरउतारांवर आणि विदर्भाच्या जंगलांतही ती सापडते. पहिले पाऊस पडले की जमिनीतून कोंब वर येतो आणि जवळच्या झुडपाचा आधार शोधू लागतो. तिला वेगळे ताणे नसतात. पानाचंच टोक लांबत जाऊन गोल वळतं आणि हाताशी येईल ती काटकी धरतं. करवंदीच्या जाळीत शिरलेली वेल आषाढाच्या अखेरीस जाळीच्या डोक्यावर निघते आणि तिथं फुलते.

भाद्रपदात गौरी येतात तेव्हा ती ऐन बहरात असते. कोकणात तेरड्याच्या गौरीबरोबर रानातून जी फुलं आणतात त्यांत कळलावी असते. तिच्या फुलांना तिकडे गौरीचे हात म्हणतात. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तीतही रानफळांच्या जोडीला ती दिसते. सणासाठी ही फुलं लागतात, ती कुठं मिळतात हे घरातल्या बायकांना आणि पोरांना ठाऊक असतं. पण गेल्या काही वर्षांत हीच मंडळी सांगू लागली आहेत की पूर्वी घराच्या मागच्या वईवर मिळायची, आता लांब जावं लागतं.

याचं कारण वईच राहिली नाही हे आहे. निवडुंगाची, शेराची, करवंदीची कुंपणं होती, दगडी गडग्यालगत झुडपांची दाटी होती, तिथं जमीन कुणी उकरत नव्हतं आणि गुरंही आत शिरत नव्हती. कळलावीच्या कंदाला नेमकं हेच हवं असतं: आधाराला झुडूप, पाण्याचा निचरा होणारी जागा आणि उन्हाळाभर कुणी हात न लावलेली माती. आता त्या जागी चिऱ्याची किंवा सिमेंटची भिंत आली. बागायतीत बांधावरचं गवत मारायला तणनाशक आलं, रस्त्याच्या कडा साफ करायला जेसीबी आला. गावाच्या कडांवरून कळलावी कमी झाली ती कुणी तिच्या मुळावर उठलं म्हणून नाही. ती जिथं राहायची त्या कडा आपण मोडीत काढल्या. जगभराचा हिशेब मांडला तर ही जात संपत चाललेली नाही, हेही इथंच सांगायला हवं. पण आपल्या गावातून, आपल्या आळीतून ती गेली तर तिच्यावर जगणाऱ्या जिवांना आफ्रिकेतल्या वेलींचा काही उपयोग नाही.

आता फूल जवळून पाहू, कारण बागेबद्दलचं माझं सगळं म्हणणं या फुलाच्या ठेवणीतून निघतं.

कळी हिरवी असते आणि मान खाली घालून लोंबत असते. उमलताना तिच्या सहा पाकळ्या मागे वळत वळत पार वर उलटतात, कडा नागमोडी होतात. सुरुवातीला बुडाशी हिरवट पिवळा आणि टोकाला तांबूस असा रंग असतो. जसे दिवस जातात तसा तांबडा रंग टोकाकडून बुडाकडे उतरत जातो आणि आठवडाभरात सबंध फूल लालभडक होतं. त्यामुळे एकाच वेलीवर पिवळी, नारिंगी आणि लाल फुलं एकदम दिसतात. पाहणारे सहसा इथंच थांबतात. थोडं वाकून फुलाच्या खालच्या बाजूला पाहिलं की खरी रचना कळते. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला लांबट परागकोश असा टेकलेला असतो की जरा धक्का लागला की तो झुलतो. आणि मधला स्त्रीकेसर अंडाशयातून निघाल्या निघाल्या काटकोनात वळून एका बाजूला बाहेर निघून जातो. मध आहे पाकळ्यांच्या अगदी बुडाशी, आतल्या अंगाला.

आता हा मध कुणाला कसा मिळणार याचा विचार करा. पाकळ्या उलटलेल्या, त्यामुळे उतरायला सपाट जागा नाही. मोठं फुलपाखरू येतं, पुंकेसरांच्या वर्तुळाशी पंख फडफडवत राहतं आणि सोंड बुडाशी घालतं. तेवढ्या वेळात त्याचे पंख झुलत्या परागकोशांना आणि बाजूला वळलेल्या स्त्रीकेसराला लागत राहतात. पराग पंखांवर बसतो आणि पुढच्या फुलाला पोचतो. दक्षिण आफ्रिकेत या फुलावर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं की पराग नेण्याचं मुख्य काम फुलपाखरांच्या पंखांवरून होतं आणि फुलाचं तोंड खाली असणं त्याला मदत करतं. फुलपाखराच्या सोंडेला किंवा पायांना पराग चिकटतो हे आपण शाळेत शिकतो. पंखांवरून होणारं परागीभवन मात्र फार थोड्या फुलांत नोंदलं गेलं आहे. आपल्या कुंपणावरची वेल त्यांपैकी एक आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

शिंजीरही या फुलांवर येतो. मधमाश्या येतात त्या परागासाठी; पण माशीचं अंग लहान, ती एका परागकोशाला लटकते आणि पराग गोळा करून जाते. बाजूला लांब गेलेल्या स्त्रीकेसरापर्यंत ती क्वचितच पोचते. माशीचं पोट भरतं, फुलाचं काम होत नाही. बागेत दोन्ही हवं असतं, म्हणून माशी आली तर तिलाही येऊ द्यावं.

फुलपाखरं आली नाहीत तर काय होतं हे तमिळनाडूत दिसतं. दिंडिगल, तिरुप्पूर, करूर या भागांत कळलावीची शेती होते. तिच्या बियांतून कोल्चिसिन काढतात, ते संधिवाताच्या एका प्रकारावरचं, गाऊटवरचं औषध आहे. तिथं शेतकरी सकाळी वेलींमधून फिरतात आणि एकेका फुलाचा पराग हातानं स्त्रीकेसराला लावतात. स्त्रीकेसर परागकोशांपासून लांब वळलेला असल्यानं फुलाचं फुलातच परागीभवन सहसा होत नाही, आणि हातानं केलं नाही तर शेंगा कमी धरतात. जे काम रानात फुलपाखरू करून जातं त्यासाठी शेतात मजुरी मोजावी लागते.

घरच्या बागेसाठी यातून एक सोपी खूण मिळते. कळलावीला फुलं किती आली याच्याबरोबर शेंगा किती धरल्या तेही पाहा. फुलं तुम्ही आणली. शेंग धरली तर कुणीतरी येऊन गेलं. आश्विन-कार्तिकात शेंग पिकून तडकते आणि आत शेंदरी-लाल बिया दिसतात. ज्या गॅलरीला कबुतरांची जाळी आहे तिथं वेल जाळीवर छान चढते, फुलते, पण मोठ्या फुलपाखराला आत यायला वाट नसते आणि शेंगा धरत नाहीत. अशा घरांनी श्रावणात कुंडी गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात न्यावी. सोसायटीत त्यासाठी कुणाशी बोलावं लागलं तर बोलावं, तेवढं काम मोलाचं आहे.

फुलपाखरांच्या बागा आता पुष्कळ होतात. शाळांत, महापालिकेच्या उद्यानांत, मोठ्या गृहसंकुलांत होतात आणि त्याचा मला आनंदच आहे. पण बहुतेक ठिकाणी एकच यादी दिसते: घाणेरी, पेंटास, कॉसमॉस, झिनिया. ही सगळी बाहेरची झाडं. त्यांना मध आहे, फुलपाखरं त्यावर येतात हेही खरं. मात्र फुलपाखराचं आयुष्य मध पिण्यापुरतं नसतं. त्याला अंडी घालायला ठरावीक झाड लागतं आणि त्याची अळी सहसा दुसरं पान खात नाही. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्याला मान दिला त्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. रुईवर वाढणारी फुलपाखरं रुईवर किंवा तिच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. नुसत्या मधाची बाग ही फुलपाखरांची खाणावळ झाली, तिथं त्यांचं घर नाही. त्यातून घाणेरीनं रानांत आणि कॉसमॉसनं पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर कसे पाय पसरले आहेत ते आपण पाहतोच. फुलपाखरांच्या नावानं त्यांची आणखी लागवड करणं मला पटत नाही.

कळलावीच्या पानांवर एक खास अळी येते. पॉलिटेला ग्लोरिओसी हे त्या पतंगाचं नाव, या वेलीवरूनच पडलेलं. पावसाच्या मध्यावर एक दिवस पानांना भोकं दिसू लागतात. पान उलटून पाहिलं तर बारीक अळ्यांचा घोळका असतो. आठवडाभरात त्या वाढतात, काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके स्पष्ट दिसू लागतात. विषारी पानं खाऊन त्या धष्टपुष्ट होतात, हे पाहण्यासारखं आहे. मग त्या जमिनीत उतरतात, मातीत कोष करतात आणि पुढे काळ्या पंखांवर लाल-पिवळ्या खुणा असलेला पतंग बाहेर येतो. या अळ्या कधीकधी अर्धी वेल फस्त करतात. बाग करणाऱ्याची खरी परीक्षा या वेळी असते. अनेकजण घाईघाईनं फवारणी करतात, रासायनिक नको म्हणून निंबोळी अर्क मारतात. अळीला दोन्ही सारखंच घातक. माझं मत ठाम आहे: परागण करणाऱ्या जिवांसाठी बाग आहे असं म्हणायचं आणि पान खाणाऱ्या अळीला मारायचं, हे एकत्र जमत नाही. वेल एकदम कोवळी असेल, एकच असेल आणि सगळी संपेल अशी भीती वाटली तर काही अळ्या दुसऱ्या वेलीवर किंवा बागेतल्या लिलीवर हलवाव्यात. वाढलेल्या वेलीला भोकं पडू द्यावीत. म्हणून कळलावी एकटी लावू नये, तीन-चार लावाव्यात. अळ्यांनाही पुरतात आणि परागाची देवाणघेवाणही होते.

तिसरा आक्षेप रिकाम्या कुंडीचा. कार्तिकात वेल पिवळी पडते, वाळते आणि एक दिवस नुसती वाळकी दोरी हातात येते. त्यानंतर थेट ज्येष्ठापर्यंत वर काहीही दिसत नाही. नर्सरीतल्या बारमाही फुलांची सवय झालेल्या माणसाला वाटतं, मेली. ती मेलेली नसते. जमिनीखाली त्या पावसाळ्यात तिनं एक मोठं काम उरकलेलं असतं. कळलावीचा कंद इंग्रजी व्हीच्या आकाराचा, दोन हातांचा असतो. कोंब फुटल्यावर हा जुना कंद आपला साठा वेलीला देत देत सुरकुतून संपतो आणि पानांनी केलेल्या अन्नावर त्याच्या जागी नवा कंद तयार होतो. म्हणजे दरवर्षी तीच वेल दिसते, पण कंद त्या वर्षीचाच असतो. पानं हिरवी असताना वेल कापली, किंवा फुलं संपली म्हणून उपटली, तर नवा कंद पोसला जात नाही आणि पुढच्या वर्षी फूल नाही. वेल आपण होऊन वाळेपर्यंत थांबायचं, हा तिच्या लागवडीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम.

दुसरा नियम, या झोपेच्या महिन्यांत पाणी द्यायचं नाही. रानात हिवाळा-उन्हाळाभर ती कोरड्या मातीत असते. कुंडीत आपण सवयीनं पाणी घालतो आणि कंद कुजतो. वेल वाळली की कुंडी पावसापासून आणि नळापासून लांब, आडोशाला ठेवून द्यावी, तिच्यावर नाव लिहिलेली पाटी खोचावी. पाटी नसेल तर घरातलं दुसरं कुणी त्यात कोथिंबीर पेरतं.

रानफूल बागेत आणायचं तर नुसतं फूल आणून भागत नाही, त्याचं सबंध वर्ष आणावं लागतं, हेच मला सांगायचं आहे. त्यात अळीचा पंधरवडा आला, पिवळ्या पानांचा महिना आला आणि काहीच न दिसणारा लांबलचक उन्हाळाही आला. आपल्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात जे टिकून राहिलं त्या झाडानं हे वर्ष तसं ठरवलेलं आहे. आपण त्याच्या मधल्या फुलांच्या आठ-दहा आठवड्यांवर हक्क सांगतो आणि बाकीचं वर्ष मोडायला निघतो.

लागवड तशी अवघड नाही. वैशाख अखेरीस किंवा ज्येष्ठाच्या सुरुवातीला कंद लावावा. कुंडी किमान फूटभर खोल, तळाला मोठी भोकं. लाल माती, जाडी वाळू आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत असं हलकं मिश्रण. कंद आडवा ठेवून त्यावर दोन-अडीच इंच माती. कंदाच्या हाताच्या टोकाला डोळा असतो. तो मोडला तर त्या बाजूनं कोंब येण्याची आशा जवळजवळ सोडावी, इतका तो नाजूक असतो. म्हणून कंद हाताळताना दोन्ही हातांनी धरावा आणि पिशवीत इतर सामानाखाली दाबू नये. कोकणातल्या पावसात जमिनीत लावायचं असेल तर वरंब्यावर किंवा गडग्याच्या पायथ्याशी लावावा, पाणी साचेल तिथं नको. दिवसाचं चार-पाच तास ऊन हवं.

आधार आधीच लावून ठेवावा. कोंब वर आल्यावर काठी खोचली तर ती नेमकी कंदात जाते. बांबूपेक्षा फांद्या असलेली वाळकी काटकी बरी, कारण पानाच्या टोकाला धरायला बारीक काड्या लागतात. जाड काठीवरून ती घसरते. जागा असेल तर कोरांटी, अडुळसा किंवा निर्गुडीच्या झुडपाशेजारी लावावी, रानात ती तशीच वाढते आणि तिथंच शोभते. बियांपासूनही करता येते, मात्र बी उगवायला वेळ घेतं आणि फूल पाहायला तीन-चार पावसाळे जातात. घाई नसलेल्यांनी ते जरूर करावं, कारण बियांच्या रोपांत विविधता असते.

आता विषाबद्दल, आणि हे नीट वाचावं. कळलावीचे सगळे भाग विषारी आहेत, कंद आणि बिया तर विशेषच. कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. याच गुणामुळे १९३७ पासून वनस्पतींच्या नव्या जाती घडवण्यासाठी ते प्रयोगशाळांत वापरलं जातं आणि याच गुणामुळे ते शरीरात गेलं तर जीव घेतं. उलट्या आणि जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर माणसाला काही झालंय हे कळतही नाही. रताळं किंवा कोनफळ समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. खायच्या कंदांच्या वाफ्यात, म्हणजे रताळी, करांदे, कोनफळ यांच्याजवळ ती कधी लावू नये. कंद हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत आणि उरलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत. लहान मूल किंवा कुरतडणारं जनावर घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, ते जमत नसेल तर मूल मोठं होईपर्यंत थांबावं. कुणी काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावं आणि झाडाचा तुकडा सोबत न्यावा. औषधी म्हणून घरगुती प्रयोग तर अजिबात नकोत; आयुर्वेदातही ती उपविषांत मोडते. कण्हेर आणि धोतराही विषारीच आहेत आणि आपण त्यांच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो आहोत, ते माहिती असल्यामुळे. इथंही माहितीच उपयोगी पडेल.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये, बागांतून निसटलेली कळलावी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली आहे आणि तिथल्या झाडांना गुदमरवते आहे. तिथं ती तण आहे. गौरीसाठी गावाकडची आठवण म्हणून ब्रिस्बेनच्या अंगणात ती लावण्याचा मोह होणं मी समजू शकते, पण लावू नका. जिथं राहता तिथलं रानफूल शोधा. तिथल्या माश्यांना आणि फुलपाखरांना तेच हवं आहे.

कळलावी एकटीनं बाग होत नाही. ती श्रावण-भाद्रपद सांभाळते, पुढचे महिने दुसऱ्यांनी सांभाळावे लागतात. शतावरीच्या बारीक पांढऱ्या फुलांवर माश्यांची झुंबड उडते. कोरांटी पावसानंतर फुलते, अडुळसा थंडीत फुलतो आणि मोठे काळे भुंगे त्याला चुकत नाहीत. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य मोहोळ न करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ जमिनीत बीळ करून अंडी घालतात. सगळी जमीन फरशीनं, लॉननं किंवा जाड आच्छादनानं झाकली तर त्यांना जागा उरत नाही. बागेचा एखादा उन्हातला कोपरा उघडा, न उकरलेला ठेवावा. तो अस्वच्छ दिसतो असं कुणी म्हटलं तर त्याचं कारण सांगावं.

विकत आणलेल्या रोपांबाबतही सावध राहावं. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं मातीतून मुळांत, मुळांतून पानांत आणि पुढे मधात-परागातही उतरतात. युरोपीय संघानं २०१८ साली या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर थांबवला तो माश्यांसाठीच. रोप घेताना काय फवारलं, मातीत काय घातलं, हे विचारायला लाजू नये.

आणि कंद कुठून आणायचा? हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण बाग करणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. औषधासाठी रानातून कंद खणून नेण्यानं अनेक भागांत कळलावी विरळ झाली आहे. फुललेली वेल पाहून बागेच्या हौसेनं ती उपटणारे त्यात भर घालतात. शिवाय पावसात उपटलेली वेल जगतही नाही, कारण जुना कंद संपत आलेला असतो आणि नवा तयार झालेला नसतो. ओळखीच्या कुणाच्या बागेत कळलावी असेल तर कुंडी बदलताना त्यांच्याकडून एखादा कंद मागा, नाहीतर कार्तिकात त्यांच्याकडून बिया घ्या. रानातल्या वेलीला हात लावू नका, तिचं बीही तिथंच पडू द्या. नर्सरीत विकत घेताना हा कंद इथं वाढवलेला आहे की जंगलातून आणलेला, हे स्पष्ट विचारा. उत्तर देता आलं नाही, किंवा जंगलातून आणला असं उत्तर आलं, तर पैसे देऊ नका आणि परत या. पुढच्या वर्षीही पाऊस येणार आहे.